एक नंबर, सहा फोन: ऑफिसच्या व्हीओआयपीवर शेअर्ड लाइन कशी लावायची

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात देवगड नाहीतर रत्नागिरीकडच्या कुठल्याही आंब्याच्या ऑफिसात तासभर बसा, शेअर्ड लाइन कशाला लागते ते कोणी शिकवायची गरज नाही. एकच नंबर, पेट्यांवर छापलेला, व्हॉट्सॲपवर फिरलेला, गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकांच्या मोबाइलमध्ये सेव्ह असलेला, आणि तो सकाळपासून वाजतोय. वहिनी उचलतात, समोरचा विचारतो माझी पेटी निघाली का, ते माहीत असतं मागच्या पॅकिंग शेडमधल्या माणसाला, मग खिडकीतून हाक, "तात्यानू, फोन होल्डार ठेवलंय, घेवा!" आणि तात्या शेडमधला फोन उचलतात तर नुसता डायल टोन.

नवीन आयपी फोन (नेटवर्कच्या वायरवर चालणारे, यालाच व्हीओआयपी म्हणतात) घेतले, सगळं चकाचक लावलं, आणि तरी असं का होतं यावरच हा लेख आहे. मी कोकणात छोट्या ऑफिसांची, हॉटेलांची, पेढ्यांची नेटवर्कं लावतो आणि ही एकच तक्रार इतक्या ठिकाणी ऐकलीय की एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकावं म्हटलं.

आधी एक प्रश्न विचारा

कोणी "शेअर्ड लाइन पाहिजे" म्हटलं की मी पहिलं विचारतो, एकाने होल्डवर ठेवलेला कॉल दुसऱ्याने उचलायचाय का? की फक्त सगळीकडे रिंग वाजली पाहिजे? लोक दोन्हीला शेअर्ड लाइनच म्हणतात, पण आत दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इथे घोळ झाला की पुढे कितीही महागडा फोन आणा, तात्यांना डायल टोनच मिळणार.

जुन्या 'की टेलिफोन' नावाच्या ऑफिस फोनांवर लाइन १, लाइन २ अशी बटणं असायची, बाहेरची लाइन म्हणजे खरोखरची तांब्याची जोडी आणि ते बटण म्हणजे तीच लाइन, कुठल्याही टेबलावरून दाबा, तोच माणूस. व्हीओआयपीत तसली वायर नसते. फोन आणि सर्व्हर (म्हणजे पीबीएक्स, कॉल कुठे जायचा ते ठरवणारा ऑफिसातला डबा) एसआयपी नावाच्या भाषेत एकमेकांशी बोलतात आणि कॉल हा त्या दोघांमधला व्यवहार असतो. वहिनींनी होल्ड दाबलं तर तो होल्ड वहिनींच्या फोनचा, शेडमधल्या फोनला त्याची खबरच नसते. सर्व्हरने मुद्दाम सांगितलं तर कळणार, नाहीतर नाही.

म्हणून रस्ते तीन. पहिला, रिंग ग्रुप म्हणजे एकदम वाजणाऱ्या फोनांची यादी, त्याच्या जोडीला दिव्याची बटणं आणि कॉल पार्किंग, म्हणजे कॉल कोणालाही उचलता येईल अशा जागी थांबवून ठेवणं. दुसरा, एकच एक्स्टेंशन (ऑफिसातला आतला नंबर) दोन-तीन फोनवर चालवणं. तिसरा, खरी शेअर्ड लाइन, जिला फोनच्या मेनूत शेअर्ड कॉल अपिअरन्स म्हणजे एससीए किंवा शेअर्ड लाइन अपिअरन्स म्हणजे एसएलए म्हणतात. माझं मत आत्ताच सांगतो, दहापैकी आठ ऑफिसांचं काम पहिल्यात भागतं, आणि लोक मात्र तिसऱ्याच्या मागे धावतात कारण नावात शेअर्ड आहे.

कागद घ्या

खरंच कागद घ्या. कोणता फोन कुठे, कोण उचलणार, कोणी उचलू नये, ते लिहा. उदाहरणाला आपल्या आंबेवाल्या ऑफिसचंच धरू: २०१ पुढचं टेबल, २०२ वहिनी हिशेबाला, २०३ मालक, २०४ पॅकिंग शेड, २०५ घर, आणि २०६ मालकांच्या मोबाइलमधलं ॲप, बागेत फिरताना. आता लिहा की बाहेरून फोन आला की वाजायचं कुठे: २०१, २०२, २०४. घरी नको, नाहीतर दुपारी आजी उचलून अर्धा तास गप्पा मारत बसणार आणि लाइन अडकणार (हे झालेलं आहे). बागेतलं ॲप पहिल्या फेरीत नको, कोणीच उचललं नाही तर दुसऱ्या फेरीत.

त्याच कागदावर एक आकडा लिहा, एकावेळी जास्तीत जास्त किती कॉल. सीझनला चार म्हणा. पुढची सगळी खरेदी या आकड्यावर ठरते.

बाहेरची लाइन

ऑफिसात येणारी लाइन साधारण दोन प्रकारची असते. एक, टेलिकॉम कंपनीकडून एसआयपी ट्रंक. यात नंबर एक आणि चॅनल पाहिजे तितके, चार चॅनल म्हणजे त्याच नंबरवर चार जण एकदम बोलू शकतात, पाचव्याला एंगेज. लोकांना हे पटकन पचत नाही, एक नंबर म्हणजे एक लाइन असं डोक्यात बसलेलं असतं. ट्रंक लायसन्स असलेल्या भारतीय कंपनीकडूनच घ्या, कोणीतरी इंटरनेटवर परदेशातला स्वस्त नंबर देतो किंवा सिमकार्डं भरलेला डबा लावून देतो म्हणाला तर हात जोडा, ती भानगड पोलिसांपर्यंत जाते.

दोन, साधी लँडलाइन. आजकाल ती फायबरवरच येते, ओएनटीच्या, म्हणजे फायबर येऊन लागते त्या डब्याला मागे फोनचं छोटं सॉकेट असतं. त्या सॉकेटातून वायर काढून एफएक्सओ पोर्ट असलेल्या गेटवेला लावायची, गेटवे ती लाइन आयपीत आणतो. एफएक्सओ आणि एफएक्सएस यात गल्लत करू नका, लाइन येते ते एफएक्सओ, साधा फोन जोडायचा ते एफएक्सएस. दोन्ही सॉकेटं दिसायला सारखीच, आणि माझ्याकडे "गेटवे बंद पडला" म्हणून आलेल्या केसेसमधल्या बऱ्याच म्हणजे वायर चुकीच्या भोकात.

एफएक्सओच्या दोन-तीन गोष्टी नीट बघा नाहीतर सीझनभर डोकं खाईल. समोरच्याने फोन ठेवला तरी गेटवेला कळत नाही आणि लाइन अडकून राहते, कारण साध्या लाइनवर फोन ठेवल्याची खूण म्हणजे एकतर पोलॅरिटी (तारांमधलं प्लस-मायनस) उलटणं किंवा बिझी टोन. गेटवेत टोनची सेटिंगं बहुधा अमेरिकेची भरून येतात. भारताचा बिझी टोन ४०० हर्ट्झ, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद, ते भरा. कॉलर आयडी दिसत नसेल तर प्रकार बदलून बघा, आपल्याकडे बऱ्याच लाइनींवर तो डीटीएमएफ पद्धतीने (बटणं दाबल्यासारख्या सुरांत) येतो आणि गेटवे एफएसके या दुसऱ्या पद्धतीची वाट बघत बसतो. आणि लाइनवरचं कॉल वेटिंग कंपनीला सांगून बंद करून घ्या, मध्येच येणारा तो टूं-टूं पीबीएक्सला समजत नाही. लँडलाइनी दोन-तीन असतील तर त्यांना हंटिंग लावून मागा, पहिली बिझी असली की कॉल आपोआप दुसरीवर.

वीज, वायर आणि मीठ

हा भाग इतर ठिकाणच्या गाइडमध्ये दोन ओळीत असतो, आपल्याकडे तो अर्धा लेख व्हायला पाहिजे. लाइट जाते. मान्सूनच्या आधी विजा पडतात, परतीच्या पावसात पुन्हा पडतात, आणि समुद्राच्या वाऱ्यातलं मीठ सहा महिन्यांत आरजे-४५ च्या पिना हिरव्या करतं.

फोन घेताना पीओई असलेले घ्या, म्हणजे वीज नेटवर्कच्या वायरमधूनच जाते, प्रत्येक फोनला वेगळा अडॅप्टर नको. मग इन्व्हर्टरवर टाकायच्या वस्तू चारच उरतात: ओएनटी, राउटर, पीओई स्विच आणि पीबीएक्सचा डबा (साधी लँडलाइन असेल तर गेटवेही). ओएनटी विसरू नका, सगळे फोन चालू आणि फायबरचाच डबा बंद असं दृश्य मी स्वतः लावलेल्या ठिकाणी पाहिलंय, तेव्हा कोणाला नावं ठेवणार. इन्व्हर्टरला मागे किंवा पुढे यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू ठेवा, साध्या मोडमध्ये बदलायला जो क्षण लागतो तेवढ्यात राउटर रीस्टार्ट होतो आणि चालू कॉल गेला.

ऑफिस आणि शेड वेगवेगळ्या इमारतीत असतील, मध्ये अंगण आणि दोन माड, तर त्यातून तांब्याची नेटवर्क वायर लोंबकळवू नका. एक म्हणजे ती १०० मीटरच्या पुढे चालत नाही, आणि दुसरं म्हणजे आसपास वीज पडली की ती वायर झटका थेट स्विचमध्ये आणून सोडते. त्याऐवजी लोखंडी तार नसलेली फायबर आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर. काचेतून करंट येत नाही, विषय संपला. शेडमध्ये मग एक छोटा पीओई स्विच आणि त्याला त्याचा स्वतःचा बॅकअप. लाइन बाहेरून तांब्यावर येत असेल तर गेटवेच्या आधी सर्ज प्रोटेक्टर, आणि त्याचं अर्थिंग खरंच जमिनीत गेलंय ना हे इलेक्ट्रिशियनला मीटर लावून दाखवायला सांगा. जांभ्यात उन्हाळ्यात ओल राहत नाही, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी ओता.

नेटच्या स्पीडची काळजी लोक उगाच करतात. जी.७११ कोडेकने (आवाज आकड्यांत बदलायची नेहमीची पद्धत) एक कॉल जाताना साधारण ८७ केबीपीएस आणि येताना तेवढाच खातो, चार कॉल म्हणजे साडेतीनशेच्या आसपास, हे कुठल्याही फायबरला किरकोळ आहे. त्रास होतो तो कोणीतरी ड्रोनने काढलेला बागेचा व्हिडिओ अपलोड करायला लावला की. आवाज तुटतो. त्यासाठी राउटरमध्ये व्हॉइसला पहिला मान द्या, क्यूओएसच्या (कोणाला आधी जाऊ द्यायचं त्या) पानावर डीएससीपी ४६, म्हणजे आवाजाच्या डेटावरची खूण, तिला सगळ्यात वरचा नंबर. आणि राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची टिक असते ती काढून टाका. नाव मदत करण्याचं पण काम बिघडवण्याचं, एका बाजूचा आवाजच न येणं, तीस सेकंदांनी कॉल कट होणं, यामागे बऱ्याचदा तीच असते.

पहिला रस्ता: रिंग ग्रुप, दिवे आणि पार्किंग

पीबीएक्स म्हणून मी इथे फ्रीपीबीएक्स धरतोय, आत ॲस्टरिस्क नावाचं सॉफ्टवेअर चालतं, मार्क स्पेन्सरने १९९९ मध्ये सुरू केलेलं, फुकट आणि दणकट. ग्रँडस्ट्रीम कंपनीचा यूसीएम नावाचा पीबीएक्स डबा असेल तरी नावं साधारण हीच सापडतील.

आधी एक्स्टेंशन बनवा, २०१ ते २०६, सगळी पीजेएसआयपी या प्रकारात. पासवर्ड सिस्टीम जो लांबलचक देते तोच ठेवा, २०१ चा पासवर्ड २०१ ठेवणाऱ्याला मी पुढे एक परिच्छेद राखून ठेवलाय. मग प्रत्येक फोनच्या वेबपेजवर जाऊन अकाउंट भरा, सर्व्हरचा पत्ता, एक्स्टेंशन, पासवर्ड, आणि रजिस्टर्ड दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. पीबीएक्सचा लोकल पत्ता कायमचा एकच ठेवा, तो बदलला की सहाच्या सहा फोन मुके.

आता रिंग ग्रुप. नंबर ६०० द्या, नाव ऑर्डर, पद्धत रिंगऑल, यादीत २०१, २०२, २०४. वेळ २० सेकंद. पुढे "कोणी उचललं नाही तर" तिथे दुसरा ग्रुप ६०१, ज्यात २०३ आणि २०६. मग इनबाउंड रूटमध्ये (बाहेरून आलेला कॉल कुठे जायचा ते ठरतं तिथे) बाहेरचा नंबर थेट ६०० वर सोडा. झालं, आता तीनही ठिकाणी एकदम वाजेल, पहिला उचलेल त्याचा कॉल, बाकीचे गप्प. बोलत असलेल्या माणसाच्या कानात पुन्हा पुन्हा बीप नको असेल तर स्किप बिझी एजंट चालू करा, सीझनला मी करतोच. कॉल पिकअपची परवानगी पण इथेच असते, तिला टिक करा.

एक खड्डा. रिंग ग्रुपमध्ये कोणाचा तरी मोबाइल नंबर टाकायचा मोह होतो. एसआयपी ट्रंक असेल तर चालतं, फक्त लक्षात ठेवा की एक कॉल आत येताना आणि एक बाहेर जाताना असे दोन चॅनल जातात. पण लाइन एफएक्सओवर असेल तर गेटवेला समोरच्याने उचललं की नाही कळतच नाही, नंबर फिरवला की तो "उचलला" असंच पीबीएक्सला सांगतो, आणि एका सेकंदात बाकी सगळे फोन वाजायचे बंद. बिचारं गिऱ्हाईक मोबाइलची रिंग ऐकत बसतं. मोबाइल टाकायचाच तर कन्फर्म कॉल्स चालू करा, म्हणजे उचलणाऱ्याने १ दाबल्याशिवाय कॉल त्याचा होत नाही. त्याहून बरं म्हणजे मोबाइलमध्ये सॉफ्टफोन ॲप आणि त्याला आपलं २०६. ॲपची बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर फोन खिशात झोपला की ॲप पण झोपतं.

आता दिवे. फोनच्या बाजूच्या बटणांना बीएलएफ (दुसरा फोन मोकळा की बिझी ते दाखवणारा) प्रकार द्या, किंमत म्हणून एक्स्टेंशन नंबर. बहुतेक फोनवर हिरवा म्हणजे रिकामा, लाल म्हणजे बोलतोय, लाल भराभर लुकलुकला म्हणजे तिथे वाजतंय. वाजत असलेल्याचं बटण दाबून आपण कॉल ओढून घेऊ शकतो, त्यासाठी बटणाच्या पिकअप कोडच्या रकान्यात फ्रीपीबीएक्सचा कोड भरायचा, दोन वेळा स्टार. न भरता दाबलंत तर फोन कॉल उचलण्याऐवजी त्या एक्स्टेंशनलाच नवा फोन लावतो आणि लोक म्हणतात दिवा आहे पण बटण मेलंय.

आणि आता तात्यांचा प्रश्न. पार्किंग. फ्रीपीबीएक्समध्ये पार्किंगचा नंबर ७० आणि जागा ७१ पासून पुढे, हे आधीच ठरलेलं असतं. वहिनी होल्ड दाबत नाहीत, त्या ट्रान्सफर दाबून ७० लावतात, फोन त्यांना जागा सांगतो, एकाहत्तर, तो आकडा शेवटपर्यंत ऐकायचा आणि मग ठेवायचं. मग हाक मारायची ती अशी, तात्यानू, एकाहत्तर. तात्या शेडमधून ७१ फिरवतात आणि समोर गिऱ्हाईक. प्रत्येक फोनवर ७१, ७२, ७३ ची तीन बीएलएफ बटणं दिलीत तर दिवा लाल दिसतो, कोणीतरी थांबलंय हे सगळ्यांना कळतं आणि आकडा फिरवायचीही गरज नाही, लाल दिवा दाबला की कॉल हातात. ४५ सेकंदांत कोणीच घेतला नाही तर कॉल परत वहिनींकडे वाजतो. पण शेडमध्ये माणूस हात पुसून येईपर्यंत मिनिट जातो, म्हणून मी ती वेळ ९० करतो.

बघा, जुन्या की टेलिफोनवर जे व्हायचं ते जवळजवळ सगळं इथे झालं. फक्त बोटांची सवय बदलली.

दुसरा रस्ता: एक एक्स्टेंशन, अनेक फोन

मालकांचा टेबलावरचा फोन, घरचा फोन आणि मोबाइल ॲप, तिन्ही २०३ म्हणूनच वाजावेत असं हवं असेल तर हा रस्ता. २०३ च्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये मॅक्स कॉन्टॅक्ट्स असतं, तिथे १ असतं ते ३ करा. एवढंच. न करता तीन फोन एकाच नावाने लावले तर शेवटचा लागलेला आधीच्याला बाहेर ढकलतो, मग थोड्या वेळाने तो परत येऊन याला ढकलतो, आणि फोन कधी इथे वाजतो कधी तिथे, भुताटकी. मला एकदा रात्री साडेदहाला घरच्या फोनची अशी तक्रार आली होती, कारण एवढंच होतं.

पण हे लक्षात ठेवा, या प्रकारात वाजतं सगळीकडे, होल्ड मात्र ज्याने केला त्याच्याच फोनवर राहतो. टेबलावर होल्ड करून घरी जाऊन उचलू म्हणाल तर नाही. तिथेही पार्किंगच. हे एका माणसाच्या अनेक फोनसाठी आहे, अनेक माणसांच्या एका लाइनसाठी नाही.

तिसरा रस्ता: खरी शेअर्ड लाइन

आता जो दहापैकी दोघांना लागतो तो. दोन-तीन लाइनींचं छोटं हॉटेल, तारकर्लीसारख्या ठिकाणी, रिसेप्शन, किचन आणि मालक असे तीनच फोन, सगळे वर्षानुवर्षं "एक नंबरवर आहे, घे" या भाषेत बोलणारे, आणि कोणाला पार्किंग-बिर्किंग शिकायचं नाही. यांना लाइन १, लाइन २ चे दिवे द्यावेत. एका फोनने लाइन घेतली की बाकीच्यांवर ती लाल, होल्ड केली की लुकलुकते, लुकलुकती लाइन कोणीही दाबून घ्यायची.

हे चालायला सर्व्हर आणि फोन दोघांनी एकच पद्धत बोलायला हवी, आणि इथेच रड आहे. इंटरनेटची स्टँडर्ड ठरवणाऱ्या आयईटीएफ संस्थेने शेअर्ड अपिअरन्सचं स्टँडर्ड आरएफसी ७४६३ म्हणून मार्च २०१५ मध्ये काढलं, पण तोवर प्रत्येक कंपनीने आपापली चूल मांडून झाली होती. म्हणून फोन घेण्याआधी पीबीएक्स कोणता आणि तो कुठल्या फोनवर शेअर्ड लाइन देतो हे बघा, आधी ऑफरमधले सहा फोन उचलून मग जुळवत बसू नका. शक्यतो डबा आणि फोन एकाच कंपनीचे. यूसीएममध्ये ॲनालॉग ट्रंकच्या (साध्या लँडलाइनच्या) सेटिंगमध्येच एसएलए मोडची टिक आहे. साध्या ॲस्टरिस्कमध्ये एसएलएची वेगळी कॉन्फिग फाइल असते, तिथे ट्रंक म्हणजे बाहेरची लाइन आणि स्टेशन म्हणजे फोन अशा दोन याद्या करायच्या आणि कुठल्या स्टेशनला कुठली ट्रंक दिसेल ते जोडायचं. त्यात वेळ जातो, पहिल्यांदा करत असाल तर सीझनच्या तोंडावर हात घालू नका.

दोन सेटिंगं मालकाला विचारूनच ठेवा. एक, होल्ड उघडा की खाजगी. उघडा म्हणजे कोणीही उचलेल, खाजगी म्हणजे ज्याने ठेवला तोच. उघडा नसेल तर हा सगळा खटाटोप कशाला केला असा प्रश्न आहे, पण मालकांच्या स्वतःच्या लाइनला खाजगी ठेवा. दुसरं, बार्ज, म्हणजे चालू कॉलमध्ये तिसऱ्याने बटण दाबून घुसणं. जुन्या फोनवर हे आपोआप व्हायचं, कोणीही कुठलाही एक्स्टेंशन उचलून ऐकायचा आणि गावाला सगळं कळायचं. मी ते बंदच ठेवतो. व्यापाऱ्याशी भाव ठरत असताना पाठीमागे कोणाचा तरी श्वास ऐकू येणं बरं नव्हे.

आणि या रस्त्याची मर्यादा सांगतो: एक बटण, एक लाइन, एक कॉल. दहा चॅनलची ट्रंक असेल तर प्रत्येक फोनवर दहा बटणं करणार का? चार लाइनींच्या वर गेलात की मुकाट पहिल्या रस्त्यावर या.

बाहेर जाणारे कॉल

सगळ्यांच्या फोनवरून बाहेर कॉल गेला की समोर ऑफिसचाच नंबर दिसला पाहिजे, शेअर्ड लाइनचा अर्धा फायदा तोच. ट्रंकच्या सेटिंगमध्ये आउटबाउंड कॉलर आयडी म्हणून कंपनीने दिलेला नंबर, त्यांनी सांगितलेल्या फॉर्मॅटमध्येच टाका, मनाने काही टाकलंत तर कॉल जात नाही.

लँडलाइनवरून मोबाइलला लावताना १५ जानेवारी २०२१ पासून आधी ० लावावा लागतो, हे लोक विसरतात आणि फोन खराब आहे म्हणतात. आउटबाउंड रूटमध्ये नियम करा, ६ ते ९ ने सुरू होणारा दहा आकडी नंबर दिसला की आधी ० जोड. मग वहिनी मोबाइलवरून लावतात तसाच दहा आकडी नंबर लावतील आणि सिस्टीम बाकीचं बघेल. एसआयपी ट्रंकला ० हवा की ९१ ते कंपनीला विचारून घ्या. ११२ साठी वेगळा रूट सगळ्यात वर ठेवा, त्याला कुठलाही आकडा जोडू नका, आणि तो प्रत्येक फोनवरून जाऊ द्या, शेडमधल्या पण.

शून्य-शून्यने सुरू होणारे कॉल बंद. दुबईला आंबा जात असेल तरी बंद, फक्त मालकांच्या एक्स्टेंशनला पिन लावून चालू. आता तो राखून ठेवलेला परिच्छेद. इंटरनेटवर दिवसरात्र यंत्रं फिरत असतात, ५०६० पोर्ट (एसआयपीचा दरवाजा) उघडा दिसला की २०१ ला पासवर्ड २०१, १२३४ असं ठोकत राहतात. लागला की शनिवारी रात्री तुमच्या लाइनवरून कुठल्यातरी महागड्या परदेशी नंबरांवर तासन्‌तास कॉल, आणि सोमवारी बिल. म्हणून राउटरमध्ये ५०६० बाहेरच्या जगाला उघडायचंच नाही. बागेतल्या ॲपला आत यायचं असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे कुलूपबंद खाजगी जोडणीतून. पीबीएक्सच्या वेबपेजलाही हेच. आणि लँडलाइनवरचं आयएसडी कंपनीकडूनही बंद करून घ्या, दोन कुलपं बरी.

तपासणी, हीच खरी

सगळं झालं की चहा सांगा आणि पुढचं सगळं माणसं बसवून करा. बाहेरून मोबाइलने कॉल करा, तीनही फोन वाजतात का. शेडमध्ये उचला, बाकीचे दोन लगेच गप्प होतात का आणि दिवा लाल होतो का. पार्क करा, दुसरीकडून घ्या, दोन्ही बाजूंचा आवाज येतो का, एक मिनिट बोला, अर्ध्या मिनिटाने कट होत असेल तर परत त्या एएलजीकडे जा. पार्क करून विसरा, ९० सेकंदांनी परत येतो का. बाहेरच्याने आधी फोन ठेवू दे, मग गेटवेवर लाइन मोकळी दिसते का बघा. एकदम पाच मोबाइलवरून कॉल करा, चार लागतात आणि पाचव्याला एंगेज मिळतो की नुसतं शांत?

मग मेन स्विच पाडा. खरंच पाडा, कॉल चालू असताना. कॉल टिकला तर इन्व्हर्टरचं काम झालं.

शेवटी फायबर काढा. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगड-दापोलीकडे खांबच्या खांब आडवे केले होते, तेव्हा काही भागांत कितीतरी दिवस ना लाइट ना लाइन. तेवढं मोठं सोडा, माडाची एक झावळी पडली तरी केबल तुटते. फायबर गेल्यावर नंबर कुठे जाणार हे पीबीएक्स ठरवू शकत नाही कारण तो स्वतःच तुटलेला असतो, म्हणून फॉरवर्डिंग टेलिकॉम कंपनीच्या बाजूला लावून ठेवा, ट्रंक पोचत नसेल तर अमुक मोबाइलवर. सगळ्या प्लॅनमध्ये ही सोय नसते, घेतानाच विचारा. तो मोबाइल मालकांचा नको, ऑफिसात चार्जिंगला लावलेला जुना एखादा ठेवा, म्हणजे ज्याला वेळ आहे तो उचलेल.

माणसांना शिकवताना मॅन्युअल देऊ नका. बटणांच्या पट्टीवर इंग्रजी एक्स्टेंशन नंबरांऐवजी मराठीत लिहा: शेड, वहिनी, घर, थांबलेला १, थांबलेला २. "थांबलेला" हा शब्द मी एका ऑफिसात पार्किंगच्या जागी लिहिला आणि त्या दिवसापासून तिथून मला फोन आला नाही. पट्टीवरून पारदर्शक टेप लावा, घामाच्या आणि आंब्याच्या चिकाच्या बोटांनी शाई आठवड्यात जाते. शेडमधल्या फोनची रिंग मोठी हवी, तिथे पंखे, हातोडीची ठोकाठोक आणि रेडिओ चालू असतो. एफएक्सएस पोर्टला जुना घंटीवाला फोन नुसत्या आवाजासाठी जोडला तरी चालतं, त्याला एक्स्टेंशन देऊन ग्रुपात टाका.

आणि पीबीएक्सचा बॅकअप घ्या, पेन ड्राइव्हवर, तो पेन ड्राइव्ह ऑफिसात नको, घरी कपाटात. पाऊस सुरू व्हायच्या आधी एकदा सगळे जॅक काढून बघा, हिरवे झालेले कापून नवीन मारा, आणि मग सप्टेंबरात परत.